चोरांच्या संगतीत बदललेले विशेषण

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे योगायोगाने एकाच इंग्रजी शब्दाविषयी आहेत. म्हणून या वेळी अन्य प्रश्न बाजूला ठेवून तेवढ्याच शब्दाचा विचार केला आहे.

प्रश्न : एका इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखात ‘ॲरंट नॉनसेन्स’ असा शब्दप्रयोग वाचला. संदर्भावरून त्याचा अर्थ ‘निव्वळ मूर्खपणा’ असावा असे वाटले. माझ्या मुलीचे म्हणणे असे, की ही छपाईची चूक असून मूळ शब्द ‘एरंट’ आहे आणि त्याचा अर्थ ‘भटका’ किंवा ‘वाट चुकलेला’ असा होतो. शब्दकोशात पाहिले, तर दोन्ही शब्द स्वतंत्रपणे दिलेले आढळले. या दोन शब्दांचे काही नाते आहे का? आणि ‘एरर’ म्हणजे चूक, या शब्दाशी त्यांचा संबंध आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : अग्रलेखात छपाईची चूक नव्हती. ‘ए’ या अक्षराने सुरू होणारा ‘ॲरंट’ आणि ‘ई’ या अक्षराने सुरू होणारा ‘एरंट’ हे आजच्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, आणि ‘नॉनसेन्स’च्या आधी पहिलाच शोभतो. तरीही आपल्या मुलीची शंका निराधार नाही, कारण हे दोन्ही शब्द मुळात एकच होते. एका घरातल्या दोन भावंडांनी वेगळ्या गावी बिऱ्हाडे थाटावीत आणि काही पिढ्यांनी त्यांचे नाते कोणाच्या लक्षातही राहू नये, तसे या शब्दाचे झाले आहे.

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला. ‘एरे’ या क्रियापदाचा अर्थ प्रवास करणे, हिंडणे, आणि त्यापासून झालेले ‘एरंट’ हे विशेषण म्हणजे हिंडणारा, फिरता. या फ्रेंच क्रियापदात लॅटिनमधले दोन वेगळे प्रवाह येऊन मिसळले आहेत. एक प्रवाह ‘इतेर’ म्हणजे प्रवास, वाट या नामाचा. सहलीच्या कंपन्या आपल्या हाती जी ‘आयटिनररी’ देतात, ती याच नामाची वंशज आहे. दुसरा प्रवाह ‘एरारे’ या क्रियापदाचा, ज्याचा अर्थ भरकटणे, वाट चुकणे असा होतो. त्यातून इंग्रजीत ‘एरर’ आला आणि पुस्तकाच्या अखेरीस शुद्धिपत्र म्हणून छापला जाणारा ‘एराटा’ही आला. म्हणजे ‘एरर’शी नाते आहे, पण ते या दुसऱ्या बाजूने.

हिंडणे आणि चुकणे या दोन कल्पना एकमेकींत मिसळाव्यात, यात मराठी वाचकाला नवल वाटू नये. संस्कृतातल्या ‘भ्रम्’ या एकाच धातूपासून आपल्याकडे ‘भ्रमण’ही आले आणि ‘भ्रम’ही आला, तीर्थाटन करणारा भ्रमण करतो आणि ज्याचे चित्त ठिकाणावर नाही तो भ्रमिष्ट ठरतो. पाय ठरलेल्या वाटेवरून सुटले की माणूस फिरतो, बुद्धी सुटली की चुकते, असा हा धागा दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता विणलेला आहे.

आता चौदाव्या शतकातल्या इंग्लंडकडे येऊ. त्या काळी हे विशेषण फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याला दोन अगदी वेगळ्या प्रकारचे सोबती मिळाले. एक सोबती म्हणजे ‘नाइट’, घोड्यावर बसून पराक्रमाच्या शोधात देशोदेशी हिंडणारा सरदार. ‘नाइट-एरंट’ हा शब्द आजही त्याच अर्थाने टिकून आहे, आणि त्यात अडलेल्यांच्या मदतीला धावून जाण्याचा उदात्त भाव आहे. दुसरा सोबती म्हणजे ‘थीफ’. ‘थीफ एरंट’ म्हणजे रानावनांतून, हमरस्त्यांवरून हिंडत वाटमारी करणारा चोर. हिंडणे दोघांचेही होते, हत्यारे दोघांच्याही हाती होती, आणि विशेषणही एकच होते.

या दुसऱ्या सोबतीचा एक फार मोलाचा पुरावा जेफ्री चॉसर या कवीने ठेवलेला आहे. त्याचा मृत्यू १४०० साली झाला. ‘कँटरबरी टेल्स’ हे त्याचे काव्य आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतले. त्यातल्या अन्नभांडाराच्या कारभाऱ्याच्या कथेत तो म्हणतो, की ज्याला राज्यावर काडीचा अधिकार नाही असा जुलमी सत्ताधीश आणि एखादा परागंदा गुन्हेगार किंवा भटका चोर, यांत मला काहीच फरक दिसत नाही. अलेक्झांडरलाही हेच सांगितले गेले होते, असे तो पुढे जोडतो : जुलमी राजाजवळ माणसे जास्त, म्हणून तो सरसकट कत्तल करतो, घरेदारे जाळतो आणि सेनापती म्हणवला जातो, दरोडेखोराची टोळी लहान, त्याच्या हातून तेवढे अनर्थ होत नाहीत, म्हणून त्याला चोर म्हणतात. ज्या विशेषणाचा आपण शोध घेत आहोत, ते नेमके याच ठिकाणी, या चोराच्या पाठीशी उभे आहे. सरदाराला आणि चोराला जोडणारा हा शब्द वापरताना, त्या दोघांना वेगळे काढणारी रेषा किती पुसट आहे याचे भान कवीला होते, असे मला मनापासून वाटते.

पुढे काय झाले ते समजून घेण्यासाठी ‘एरंट थीफ’ हे शब्द पुन्हापुन्हा ऐकणाऱ्या सामान्य माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. चोर फिरता आहे की एका जागी राहणारा आहे, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नाही. त्याला एवढेच जाणवते, की नुसता ‘थीफ’ म्हटले तर तो साधा चोर आणि त्याआधी ‘एरंट’ लावले की तो नामांकित, उघड, पक्का चोर. विशेषणातली हिंडण्याची कल्पना हळूहळू विरली आणि मागे केवळ जोर उरला. जोर उरला म्हणताच ते चोरापुरते राहिले नाही. लुच्चा, लबाड, भेकड, खोटारडा, मूर्ख अशा सर्व नामांना ते जोडले जाऊ लागले. सोळाव्या शतकापर्यंत हा बदल पुरा झाला होता. भेकड मनुष्य हिंडत नसतो आणि मूर्ख घरात बसूनही मूर्खच असतो, पण आता त्याने काही बिघडत नव्हते. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही आपली म्हण या विशेषणाला अक्षरशः लागू पडते, कारण त्याचा आजचा अर्थ त्याच्या धातूतून आलेला नाही. तो त्याच्या शेजारच्या नामातून आला आहे.

मग ‘ई’ची ‘ए’ कशी झाली? त्या काळच्या इंग्रजी उच्चारात ‘र’च्या आधी येणारा ‘ए’कार अनेक शब्दांत ‘आ’काराकडे सरकत होता. ‘स्टार’, ‘डार्क’ आणि ‘फार्म’ हे शब्द पूर्वी ‘ए’काराचे होते; उच्चार बदलल्यावर त्यांचे लेखनही बदलले. काही शब्दांचा उच्चार बदलला आणि लेखन मात्र जुनेच राहिले. याचा पुरावा शोधायला दूर जाण्याची गरज नाही. कचेरीतल्या लेखनिकाला आपण मराठीत ‘क्लार्क’ म्हणतो आणि पोलिसांतल्या हुद्द्याला ‘सार्जंट’ म्हणतो, पण या दोन्ही शब्दांच्या इंग्रजी लेखनात ‘र’च्या आधी ‘आ’चे अक्षर नसून ‘ई’ आहे. इंग्रजांच्या तोंडून ऐकलेला तो बदललेला स्वर मराठीने जसाच्या तसा जपून ठेवला आहे. ‘एरंट’चा ‘ॲरंट’ झाला तो याच ओघात.

लेखन तेव्हा स्थिर नव्हते, त्यामुळे बराच काळ दोन्ही रूपे दोन्ही अर्थांनी लिहिली जात होती. कालांतराने त्यांची वाटणी झाली : सरदाराकडे जुने रूप गेले आणि चोराकडे नवे. एका शब्दाच्या दोन उच्चारांतून किंवा लेखनांतून दोन शब्द होण्याचे असे आणखी दाखले इंग्रजीत आहेत. पीठ या अर्थाचा ‘फ्लाउर’ आणि फूल या अर्थाचा ‘फ्लॉवर’ हे एकेकाळी एकच होते. पीठ म्हणजे धान्याचे ‘फूल’, म्हणजे त्यातला उत्तम भाग. मराठीत ही वाटणी निराळ्या वाटेने, संस्कृत रूप आणि त्याचे प्राकृतातून आलेले रूप यांच्यात होते. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, पण पहिला आपण स्त्रीसाठी राखतो आणि दुसरा गाई-म्हशींसाठी. शब्दांची वाटणी करताना समाज मानाची वाटणीही करत असतो.

हा मुद्दा मला इथे थोडा अधिक बोलावासा वाटतो. ‘भटका’ या अर्थाचे विशेषण ‘पक्का बदमाश’ या अर्थाचे झाले, याचे कारण केवळ व्याकरणात सापडत नाही. ज्याला घर, जमीन किंवा धनी नाही असा मनुष्य गुन्हेगारच असणार, हा समज त्या काळच्या इंग्लंडात इतका पक्का होता, की १५७२ सालच्या कायद्याने धडधाकट भिकाऱ्यांबरोबर फेरीवाले, कल्हईवाले, गावोगाव फिरणारे गवई आणि कोणा उमरावाचा आश्रय नसलेले नटही ‘भटके लफंगे’ ठरवले. म्हणूनच शेक्सपियरच्या नाटकमंडळीला आधी एका बड्या दरबारी उमरावाचे आणि १६०३ नंतर प्रत्यक्ष राजाचे नाव लावावे लागले. हाच समज पुढे आपल्या देशात आला. १८७१ साली ब्रिटिश सरकारने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा कायदा केला, आणि पुढे त्याचा विस्तार होऊन महाराष्ट्रातल्या अनेक भटक्या जमातीही त्यात ओढल्या गेल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींसाठी केलेल्या बंदिस्त वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसांच्या पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती या शिक्क्यातून सुटल्या आणि म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात. जो पूर्वग्रह कायद्याच्या पुस्तकातून काढून टाकता आला, तो शब्दाच्या अर्थात मात्र तसाच मुरून राहिला आहे. ‘ॲरंट’ हा शब्द वापरू नये, असा याचा अर्थ नाही. पण तो कोणाच्या बदनामीतून घडला, हे भाषेच्या अभ्यासकाला ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न : आमचा गट ‘हॅम्लेट’चे मराठी अभिवाचन बसवत आहे. त्यात ‘ॲरंट नेव्ह’ हा शब्दप्रयोग दोनदा येतो. ‘भटके बदमाश’ असा अनुवाद एका सहकाऱ्याने सुचवला आहे, पण तो कानाला खटकतो. योग्य मराठी प्रतिशब्द कोणता?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : आपल्या कानाने बरोबर साक्ष दिली. हे नाटक १६००च्या आसपासचे आहे, आणि तोवर ‘ॲरंट’मधला भटकेपणा गळून गेलेला होता. तेव्हा ‘भटके’ हा शब्द इथे नको. ‘नेव्ह’ या नामाचाही इतिहास लक्षात घ्यावा : त्याचा मूळ अर्थ मुलगा, मग हरकाम्या पोऱ्या, आणि शेवटी लुच्चा. पत्त्यांतल्या ज्या पानाला आपण ‘गुलाम’ म्हणतो, त्याचे जुने इंग्रजी नाव ‘नेव्ह’च आहे, तिथे नोकराचा अर्थ अजून शिल्लक आहे. हॅम्लेटच्या तोंडी मात्र लबाडच अभिप्रेत आहे.

पहिला प्रयोग पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आहे. पित्याच्या भुताला भेटून हॅम्लेट परततो. मित्र विचारतात, काय कळले? तो सांगू लागतो, की साऱ्या डेन्मार्कमध्ये असा एकही दुष्ट माणूस नाही... आणि इथे, माझ्या वाचनाप्रमाणे, तो स्वतःला सावरतो आणि वाक्य भलत्याच ठिकाणी नेऊन टाकतो : ...जो पक्का बदमाश नाही. होरेशिओ लगेच म्हणतो, एवढे सांगायला थडग्यातून भूत कशाला यायला हवे? वाक्यात नवी माहिती शून्य आहे, दुष्ट तो बदमाश एवढेच त्यात आहे, आणि ‘ॲरंट’ त्या पोकळीवर केवळ वजन ठेवते. अनुवादात हे वजन ऐकू आले पाहिजे, कारण खरी गोष्ट दडवण्यासाठीच हॅम्लेट ते वापरतो आहे. इथे ‘पक्का बदमाश’ किंवा ‘अट्टल बदमाश’ दोन्ही चालतील. मला ‘पक्का’ बरा वाटतो, कारण तो बोलण्याच्या ओघात सहज येतो आणि त्यात अर्थाची भर पडत नाही.

दुसरा प्रयोग तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातला, ऑफेलियाशी बोलतानाचा. तिथला सूर वेगळा आहे. आपण सगळे पुरुष तसलेच, आमच्यापैकी कोणावरही विश्वास ठेवू नकोस, असे तो तिला सांगतो, आणि त्यात स्वतःविषयीची किळस आहे. तिथे ‘आम्ही सगळे अट्टल लबाड आहोत, एकावरही विश्वास ठेवू नकोस’ असे घ्यावे. ‘अट्टल’मध्ये सराईतपणाचा आणि न सुधारण्याचा जो भाव आहे, तो इथे उपयोगी पडतो.

शेक्सपियरच्याच ‘टायमन ऑफ अथेन्स’ या नाटकात मात्र अनुवादकाने थांबून विचार करावा अशी एक जागा आहे. सर्वस्व गमावून रानात राहणारा टायमन, आपल्याकडे आलेल्या चोरांना सांगतो, की सगळी सृष्टीच चोर आहे : सूर्य समुद्राला लुटतो, आणि चंद्र तर ‘ॲरंट थीफ’, कारण तो आपला फिकट प्रकाश सूर्याकडून हिसकावतो. चंद्र अट्टल चोर आहे हा अर्थ उघड आहे. पण चंद्र रात्रभर आकाशात हिंडतही असतो, आणि हे विशेषण ज्या जुन्या जोडीतून आले, त्याच ‘थीफ’च्या शेजारी कवीने ते परत आणून बसवले आहे. त्या काळी दोन्ही रूपे एकमेकांजागी लिहिली जात होती हे लक्षात घेता, हिंडण्याचा अर्थ इथे पुन्हा जागा झाला असावा, असे मी मानतो. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात आणणे अवघड आहे. ‘रात्रभर हिंडणारा अट्टल चोर’ असे दोन शब्दांत म्हणणे हा अनुवादकाचा अधिकार आहे आणि तो त्याने बजावावा.

आपण प्रतिशब्द विचारला आहे, पण मराठीत या एका विशेषणाला एक ठराविक प्रतिशब्द नाही, आणि ते आपल्या भाषेचे दैन्य नसून श्रीमंती आहे. जोर देणारी आमची विशेषणे आपापली नामे निवडून घेतात. चोर, जुगारी आणि दारुडा ‘अट्टल’ असतात; खोटे ‘धादांत’ किंवा ‘धडधडीत’ असते; वेडा आणि बहिरा ‘ठार’ असतात; अज्ञान ‘घोर’, मूर्खपणा ‘निव्वळ’ आणि गाढवपणा ‘शुद्ध’ असतो. यांतला ‘ठार’ हा शब्द तर ‘ॲरंट’चा सख्खा शेजारी शोभेल. ‘ठार मारणे’ यात प्राण जाण्याची गोष्ट आहे, पण ‘ठार बहिरा’ म्हणताना मरणाची आठवण कोणालाही होत नाही. तिथेही शब्द रिकामा झाला आणि जोर राहिला. आणि चांगल्या गोष्टींसाठी आपण निराळी विशेषणे राखून ठेवली आहेत : शिक्षक ‘हाडाचा’ असतो, गाणारा ‘पट्टीचा’ असतो आणि आनंद ‘निखळ’ असतो. ‘अट्टल शिक्षक’ म्हटले तर शिक्षकाचा अपमान होतो. ‘ॲरंट’चेही तसेच आहे, म्हणून अनुवाद करताना आधी नाम पाहावे आणि मग त्या नामाचे मराठी विशेषण शोधावे.

प्रश्न : माझी मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. एकाने निबंधात ‘त्याचे म्हणणे फार ॲरंट होते’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिले आणि बाईंनी ते खोडले. त्याच निबंधात ‘एरंट नॉनसेन्स’ लिहिलेले मात्र तसेच ठेवले. यात बरोबर काय?
— एक पालक, नाशिक

उत्तर : पहिली दुरुस्ती योग्य आहे. ‘ॲरंट’ हे विशेषण नामाच्या आधीच येते. वाक्याच्या शेवटी एकटे उभे राहत नाही. ‘हे खोटे धादांत आहे’ असे आपण म्हणत नाही, ‘हे धादांत खोटे आहे’ असेच म्हणतो. तसाच हा नियम आहे. ‘फार’ या अर्थाचे क्रियाविशेषणही त्याला लावू नये. जे आधीच शेवटच्या टोकाला पोहोचलेले आहे, त्याला आणखी कोठे नेणार?

‘एरंट नॉनसेन्स’ हे इतक्या ठिकाणी छापलेले आढळते, की ते तसेच राहिले याचा दोष बाईंना देणे योग्य होणार नाही, आणि मिरजेच्या वाचकांना दिलेले उत्तर पाहिले तर ऐतिहासिक दृष्टीने त्याचे समर्थनही करता येईल. पण आजच्या प्रमाण लेखनात दोन रूपांची कामे वेगळी झालेली आहेत. ‘एरंट’ म्हणजे वाट सोडून गेलेला : वर्तनाने ढळलेला पती, वेणीतून सुटलेली केसांची बट, नेम चुकून भलतीकडे गेलेला चेंडू. ‘ॲरंट’ म्हणजे पुरेपूर, पक्का, आणि तो वाईट गोष्टींनाच लागतो. सध्या तो मुख्यतः ‘नॉनसेन्स’, ढोंग, भेकडपणा आणि मूर्ख या नामांबरोबर दिसतो. रोजच्या बोलण्यात क्वचित, अग्रलेखात, ग्रंथपरीक्षणात किंवा संसदेतल्या भाषणात अधिक. व्याकरणाच्या फाजील कर्मठपणाची खिल्ली उडवणारे ‘ॲरंट पेडंट्री’ हे शब्द विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर वारंवार सांगितले जातात. त्यांनी ते खरोखर उच्चारल्याचा भरवशाचा पुरावा नाही, तेव्हा मुलांनी निबंधात ते चर्चिल यांचे म्हणून उद्धृत करू नयेत.

शाळेतल्या मुलाने रोजच्या लेखनात ‘अटर’ हे सोपे विशेषण वापरले तरी अर्थ तोच पोहोचतो. ‘ॲरंट’ वापरायचेच असेल, तर पुढे दुर्गुणाचे नाम ठेवावे आणि पहिले अक्षर ‘ए’ लिहावे.